बाबा बरे झाले, पण माझे हप्ते अजून चालूच आहेत

ताई, दोन वर्षांपूर्वी बाबांना हृदयविकाराचा झटका आला. त्या रात्री मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसून होते. आमच्या घरात देवधर्म असा फारसा कधी नव्हताच. शेजारच्या खुर्चीत एक बाई छोटं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचं पुस्तक, वाचत बसल्या होत्या. पहाटे त्या उठल्या आणि जाताना ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून गेल्या. मी ते उघडलं नाही, नुसतं घट्ट धरलं आणि म्हणाले, 'येशू, तू खरंच असशील तर माझ्या बाबांना वाचव. मी आयुष्यभर तुझी होईन.' बाबा वाचले. आता रोज फिरायला जातात. तेव्हापासून मी रोज रात्री प्रार्थना करते, पण खरं सांगू का, आत काहीच होत नाही. हप्ता भरल्यासारखं वाटतं. एखाद्या रात्री झोप लागली आणि प्रार्थना राहिली, तर सकाळी उठून आधी बाबांच्या खोलीत जाते आणि त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघते. एका मैत्रिणीने तिच्यामागोमाग 'येशू, माझ्या हृदयात ये' अशी प्रार्थना म्हणायला लावली. म्हटली. तरी सगळं कोरडंच. मला देव हवाय हो, ताई. पण माझी सुरुवातच सौद्याने झाली. ती सुरुवात धरायची का? आणि नव्याने करायची तर कशी?
— एक ऋणी

प्रिय मुली,

तुझं पत्र आल्यापासून बाबांच्या दाराशी उभी असलेली तू माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीस. चादर वरखाली होताना दिसते आणि मग कुठे तुझा स्वतःचा श्वास सुटतो. म्हणून विश्वासाचं नंतर बोलू, आधी या भीतीचं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. ते लांब उभे राहून येशूला हाका मारतात. तो म्हणतो, जा, स्वतःला याजकांना, म्हणजे पुरोहितांना, दाखवा. ते निघतात आणि वाटेतच दहाच्या दहा बरे होतात. आभार मानायला मागे फिरतो तो एकच, तोही शोमरोनी, यहुद्यांच्या लेखी परका. 'बाकीचे नऊ कुठे आहेत?' असं येशू विचारतो. त्या प्रश्नात दुःख आहे, नाही असं नाही. पण तिथे काय लिहिलेलं नाही तेही बघ. त्या नऊ जणांच्या अंगावर रोग परत उठला, असं कुठेही नाही. ते आपापल्या घरी गेले असतील, कित्येक वर्षांनी बायकामुलांना भेटले असतील. येशूने दिलेलं परत घेतलं नाही. त्या नऊ जणांचं घेतलं नाही, तर एका रात्री डोळा लागला म्हणून तो तुझ्या बाबांचा श्वास काढून घेईल? असा देव शुभवर्तमानात मला तरी कुठे भेटलेला नाही.

बाबांना उद्या काही होणारच नाही, असं मी म्हणत नाहीये. ते माणूस आहेत, आजारी पडतील, एक दिवस जातीलही. पण ते तुझी प्रार्थना चुकली म्हणून नसेल.

आता माझं सांगते. माझी आई आजारी होती तेव्हा मीही असंच बोलले होते, जवळपास तुझ्याच शब्दांत. आई गेली. त्यानंतर कितीतरी महिने मी देवाशी अबोला धरला. त्याने शब्द पाळला नाही, मग मी का पाळू? एके दिवशी तिची औषधांची पेटी आवरत होते. शेवटची पट्टी निघाली, अर्धी संपलेली. ती हातात धरून बसले असताना अचानक जाणवलं की शब्द दिला होता तो मी. त्याने दिलाच नव्हता. करार मीच लिहिला, दोन्हीकडच्या सह्या मीच केल्या आणि वर मोडला म्हणून रागावले त्याच्यावर. त्या दिवशी मी खूप रडले, आणि ते रडणं त्याच्यासमोर होतं. माझी सुरुवात म्हणशील तर ती तिथली.

तुझे बाबा वाचले, माझी आई गेली. सौदा म्हणजेच विश्वास असेल तर तुझा देव खरा आणि माझा खोटा ठरेल. पण येशू एकच आहे, आणि तो त्या दोन्ही रात्री तिथे होता असं मी मनापासून मानते.

आपल्या भाषेत 'नवस' हा शब्द इतका मुरलेला आहे की देवाचं नाव घेतलं की हिशेब आपोआप डोक्यात येतो. तू कधी कुठे नवस बोलली नसशील, तरी त्या खुर्चीत बसून जे बोललीस तो नवसच होता. यात लाजण्यासारखं काही नाही. याकोबानेही तेच केलं होतं. बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात तो भावाला फसवून घरातून पळालेला आहे, उशाला धोंडा घेऊन उघड्यावर झोपलाय. स्वप्नात देव त्याला सांगतो, मी तुझ्याबरोबर आहे, तुला सांभाळीन, परत आणीन. एकही अट न घालता. आणि हा सकाळी उठून काय म्हणतो? देव माझ्याबरोबर राहिला, मला खायला अन्न आणि ल्यायला वस्त्र दिलं, मी सुखरूप परत आलो, तर तो माझा देव होईल, आणि मी त्याला दहावा भाग देईन. जे आधीच फुकट मिळालंय त्यावर हा अटी घालतो! देवाने त्याला झिडकारलं नाही. 20 वर्षं सोबत केली. परतीच्या वाटेवर याकोब म्हणतो की तू केलेल्या कृपेला मी पात्र नाही. त्याच रात्री यब्बोक नदीच्या उतारापाशी तो पहाटेपर्यंत झुंजतो, मांडीचा सांधा निखळतो, तरी 'आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही' म्हणून बिलगून राहतो. आता त्याच्याकडे द्यायला काही नाही, नुसतं धरून ठेवणं आहे. तूही त्या रात्री पुस्तक घट्ट धरलं होतंस. सौदा तोंडात होता, पण हात धरून ठेवत होता. तुझी ती सुरुवात धरायचीच, मुली, फक्त तिथेच मुक्काम करायचा नाही.

ख्रिस्ती विश्वासाच्या मुळाशी जो शब्द आहे तो 'कृपा'. येशूचा प्रेषित पौल याने इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात तो स्पष्ट सांगतो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, ते देवाचं दान आहे, कुणाच्या कर्माची कमाई नव्हे. दानाचे हप्ते नसतात. सहीच्या जागी तू 'एक ऋणी' लिहिलंस ना, तो शब्द बदलायला मला आवडेल. वधस्तंभाचा, म्हणजे येशूच्या क्रूसाचा, अर्थच मुळी हा आहे की जे देणं आपल्याला कधी फेडता आलं नसतं, ते त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं. बाबांच्या आजारपणाचं देणं म्हणत नाहीये मी. आपण आयुष्यभर देवाकडे पाठ फिरवून जगतो, माणसांना दुखावतो, स्वतःलाच केंद्र करतो, ते. हे कळायला मला फार वेळ लागला. तुलाही लागेल, लागू दे.

कोरडेपणाबद्दल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. एवढी विदुषी, शास्त्रं कोळून प्यायलेली बाई, विचार करून, प्रश्न विचारून विचारून ख्रिस्ती झाली. आणि पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला उमगलं, ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! आणि त्या आठ वर्षांत त्या खोट्या नव्हत्या. शोधत होत्या. तेव्हा दोन वर्षांत आत काही हललं नाही म्हणून स्वतःला ढोंगी ठरवू नकोस. मैत्रिणीने म्हणवून घेतलेली प्रार्थनाही वाया गेली असं समजू नकोस. पण ते शब्द तिचे होते. तुझे शब्द अजून निघायचेत.

म्हणून एक सांगते, ऐकून दचकशील. आज रात्री ती नेहमीची प्रार्थना म्हणू नकोस. दिवा मालवलास की एवढंच म्हण, 'आज मी हप्ता भरत नाहीये. मला भीती वाटते.' आणि झोप. सकाळी बाबांच्या दाराशी जाऊ नकोस, सरळ चहा ठेवायला जा. पहिले काही दिवस हात थरथरेल. पण माझ्या मते ते दोन वाक्यांचं बोलणं ही तुझी आजवरची सगळ्यात खरी प्रार्थना असेल. शब्दच सुचले नाहीत तर बायबलमधली स्तोत्रसंहिता उघड. 150 स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली कितीतरी रडगाणी आहेत, तक्रारी आहेत. 13वं स्तोत्र काढ, पहिल्या दोन ओव्यांतच 'कुठवर?' असं चारदा विचारलंय. 88वं तर अंधारातच संपतं. देवाच्या पुस्तकात देवावरच्या तक्रारी जपून ठेवल्यात, तर तुझीही तिथे मावेल.

आणि ते पुस्तक. चारांपैकी कुठलं शुभवर्तमान आहे ते तू लिहिलं नाहीस, त्यावरून वाटतं, अजून उघडलंच नसावंस. तुझ्यासाठी तो ताईत झालाय. उघड त्याला. मी तरी मार्कपासून सुरुवात करायला सांगते, सगळ्यांत छोटं, 16 अध्याय, एका बैठकीत दीड-दोन तासांत होतं. पण तुझ्या हातात जे आहे ते चालेल. वाचताना 'मला काय वाटतंय' हे तपासत बसू नकोस, हा माणूस कोण आहे ते बघ. कुणाला शिवतो, कुणावर चिडतो, कुणासाठी थांबतो. मार्कच्या 8व्या अध्यायात तो शिष्यांना विचारतो, 'तुम्ही मला कोण म्हणता?' तिथे पुस्तक मिटून ठेव आणि तुझं उत्तर शोध. आलेलं उत्तर अर्धवट असलं तरी हरकत नाही. पुढच्याच अध्यायात एका आजारी मुलाचा बाप रडकुंडीला येऊन म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासातून मला सोडव. एवढ्यावर येशूने त्याच्या मुलाला बरं केलं.

एकटीने मात्र फार दिवस राहू नकोस. येशूने शिकवलेली प्रार्थना 'आमच्या' या शब्दाने सुरू होते, 'माझ्या' ने नाही. एखादी मंडळी, म्हणजे चर्च, शोध, उपासनेला मागच्या बाकावर जाऊन बस, पाळकांना किंवा धर्मगुरूंना तुझे अवघड प्रश्न विचार. प्रश्न विचारल्यावर जे रागावतात, पैशांची भाषा काढतात, औषधं बंद करायला सांगतात किंवा घरच्यांपासून तोडू बघतात, तिथून त्याच पावली परत ये. बाप्तिस्म्याची घाई नाही. मंडळी आधी शिकवेल, तू समजून घे, आणि जेव्हा 'हो' म्हणशील तेव्हा ते भीतीपोटी नसू दे.

शेवटी एक विचारायचं राहिलं. बाबांना हे सगळं ठाऊक आहे का? त्या रात्री तू त्यांच्यासाठी काय बोललीस, दोन वर्षं कुठलं ओझं वागवते आहेस? मला वाटतं, नसावं. ते फिरायला निघतील तेव्हा एक दिवस त्यांच्याबरोबर जा आणि सांग. आणि मार्कच्या 8व्या अध्यायापर्यंत पोचलीस की मला पत्र लिही. उत्तर काय आलं ते नाही लिहिलंस तरी चालेल. सही मात्र दुसरी कर.

तुझी,
ताई