पहिली-दुसरीच्या मुलांना निसर्ग सजीवांच्या गरजा कशा भागवतो, हे कसं शिकवावं?

ओहोटीला खाडीकाठच्या तिवरांपाशी, म्हणजे खारफुटीच्या झाडांपाशी न्या आणि एकेका सजीवाबद्दल विचारा: हा खातो काय, श्वास कसा घेतो, लपतो कुठे? कोकणातल्या शाळेत शिकवताना मला तक्त्यापेक्षा हेच उपयोगी पडलं. निवटी हा चिखलातला छोटा मासा; ती ओल्या कातडीतूनही श्वास घेते, म्हणून पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत फिरते. चाहूल लागली की बिळात. तिवराची मुळं चिखलातून वर डोकावतात, कारण खालच्या गाळात हवा फारच कमी. शिवाय हे झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी पानांवरचे कण मुलांना बोटाने चाचपू द्या, ते विसरत नाहीत. मात्र भरतीची वेळ गावातल्या कोळ्यांना आधी विचारा आणि मुलांना बांधावरच ठेवा, चिखलात पाय रुततो.