अमेरिकेत उमेदवाराला प्रचारनिधीतून अंगरक्षक ठेवता येतो का?

हो, ठेवता येतो. अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, उमेदवाराने देणगीदारांच्या पैशातून स्वतःच्या सुरक्षेवर खर्च केला तर तो गैरव्यवहार ठरतो का, असं तुम्ही विचारलंय. न्यू जर्सीत एका उमेदवाराच्या प्रचाराचे हिशेब मी लिहायचो, त्यामुळे या प्रश्नाशी माझा चांगलाच संबंध आलाय.

देणगीचा पैसा खासगी कामाला लावायला बंदी आहे. हा माणूस उमेदवार किंवा खासदार नसता तरी हा खर्च त्याला करावा लागला असता का, ही कसोटी. धमक्या उमेदवारीमुळेच येत असतील, तर सुरक्षा हा खासगी खर्च नाही.

हे एका दिवसात ठरलं नाही. 2011 मध्ये टूसानला खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी घातली गेली. 2017 मध्ये बेसबॉलच्या सरावावर झालेल्या गोळीबारात खासदार स्टीव्ह स्कलीस गंभीर जखमी झाले. 2021 मध्ये संसदभवनावरच जमाव चालून गेला. दर वेळी फेडरल इलेक्शन कमिशनकडे, म्हणजे प्रचारनिधीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, विचारणा झाली आणि मुभा वाढली: आधी घरचे कॅमेरे आणि अलार्म, मग अंगरक्षक. अखेर 1 जानेवारी 2025 पासून सगळं एका नियमात आलं. त्यात उमेदवाराचं कुटुंब आणि कर्मचारीही आहेत, सायबर सुरक्षाही आहे.

खरी अडचण घराच्या कामात येते. कुंपण, फाटक, दिवे, दरवाजे चालतात, पण केवळ सुरक्षेसाठी. घराची किंमत वाढवायला नाही. आमच्या उमेदवाराचं मागचं दार कुजलं होतं, आणि त्याच दिवसांत धमकीचे फोन येत होते. घरात लहान मुलं. तरी मी सांगितलं, कुलूप आणि कॅमेरा निधीतून घेऊ, दार तुमच्या खिशातून. त्यांना वाईट वाटलं, मलाही. पण कुजलेलं दार निवडणूक नसती तरी बदलावंच लागलं असतं.

अंगरक्षकही पेशाने तेच काम करणारा हवा आणि पैसे बाजारभावानेच द्यायचे. मेव्हण्याला नुसतं सोबत उभं करून पगार दिला, तर ते चालणार नाही.

मला खटकतं ते वेगळंच. ज्याच्याकडे देणग्याच येत नाहीत, त्या नवख्या उमेदवाराला या मुभेचा काय उपयोग? शिवाय हा नियम फक्त केंद्रीय निवडणुकांना लागू आहे. पण धोका राज्यांच्या आमदारांनाही आहे: जून 2025 मध्ये मिनेसोटात आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीची राहत्या घरात हत्या झाली. आमदारकीच्या उमेदवारांसाठी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, तेव्हा तुमचा प्रश्न राज्याच्या निवडणुकीबद्दल असेल तर आधी त्या राज्याचा नियम बघा.