शनेल नंबर ५ घेताय? आधी हे वाचा

पहिलीच महागडी अत्तराची बाटली नंबर ५ची घ्यायची म्हणताय, तर आधी वास घ्या, पैशांचं नंतर बघू. एकाच नावाखाली बरेच प्रकार मिळतात आणि ते निव्वळ कमी-जास्त कडक नसतात. १९२१ साली अर्नेस्ट बो यांनी बनवलं ते मूळ परफ्यूम. ओ द परफ्यूम, म्हणजे त्याहून पातळ प्रकार, जॅक पोल्ज यांचं, १९८६चं. २०१६चं ‘लो’ (L'Eau), म्हणजे हलका प्रकार, त्यांच्या मुलाचं, ऑलिव्हिए यांचं. नवख्या नाकाला तेच लवकर रुचतं, असं माझं मत.

कागदी पट्टीवर फवारलंत की आधी आल्डिहाइड (एक प्रकारची सुगंधी रसायनं) नाकात चढतात, साबणासारखे, जरा बोचरे. तिथेच नाक मुरडू नका. मनगटावर लावा, चोळू नका आणि तासाभराने हुंगा. फुलं तेव्हा कुठे मोकळी होतात. मूळ परफ्यूममधली जाई दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासच्या परिसरातली, हाताने खुडलेली. किंमत उगाच चढलेली नाही. (अर्थात नावाचेही पैसे मोजतोच आपण!)

धंद्याची बाजूही माहीत असू द्या. १९२४ साली अत्तरांची वेगळी कंपनी निघाली, तेव्हा शनेलची संस्थापक कोको शनेल हिच्या पदरात त्यातले फक्त १० टक्के पडले. ७० टक्के भांडवल घालणाऱ्या व्हर्टहायमर बंधूंचे. त्यावरून पुढे वर्षानुवर्षं भांडणं झाली. आज अख्खं शनेल त्याच घराण्याकडे आहे. बरीच फॅशन घराणी अत्तरासाठी आपलं नाव बाहेरच्या कंपन्यांना परवान्यावर देतात. शनेलचा परफ्यूमर (अत्तर बनवणारा) मात्र घरचाच.

ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसलं तर हात आखडता घ्या, नकली माल उदंड आहे. आणि बाटली बाथरूममध्ये ठेवू नका.