रस्ते-रेल्वेच्या खर्चाला जाब विचारायचाय? मग आधी आकडा वाचायला शिका

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'कॅगचे ताशेरे', 'संसदीय समितीने रेल्वेला धारेवर धरलं' अशा बातम्या वाचल्या की म्हणते, मला हेच काम करायचं आहे. माझं म्हणणं, बँकेची परीक्षा दे, नाहीतर सीए कर. सरकारला जाब विचारण्याचं काम नोकरी म्हणून असतं का? त्यासाठी एलएलबी करावं लागेल का? आणि नागपूर सोडावं लागेल का?
– एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर :

नमस्कार. नोकरी म्हणून हे काम नक्की असतं. एलएलबीची गरज नाही. आणि या कामाचं एक मोठं दार तुमच्या गावातच आहे, सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचं (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) सिव्हिल लाइन्समधलं महालेखाकार कार्यालय, ज्याला सगळं नागपूर एजी ऑफिस म्हणतं.

मुलीला एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट असू द्या. समितीत प्रश्न विचारतात ते खासदार आणि आमदार. कोणता आकडा कशाशी ताडून पाहायचा आणि प्रश्न नेमका कुठे बसतो, हे कागदांतून शोधणारी माणसं त्यांच्या मागे असतात. पगारी नोकऱ्या आहेत त्या या माणसांच्या. त्यांचा दिवस वाचण्यात, ताडून पाहण्यात आणि नेमकं लिहिण्यात जातो. तिला वाचनाचा कंटाळा असेल तर हे आत्ताच कळलेलं बरं.

आधी या कामाची रचना पाहू. केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात रस्ते वाहतूक मंत्रालयाला सुमारे २.८७ लाख कोटी रुपये दिले गेले. एवढ्या रकमेवर सभागृहात सविस्तर चर्चा होईलच असं नाही. वेळ संपला की उरलेल्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, चर्चेविना एकत्र मंजूर होतात, त्याला गिलोटिन म्हणतात. त्यामुळे खरी छाननी समित्यांमध्ये होते. परिवहन, पर्यटन आणि संस्कृती या विषयांची स्थायी समिती ३१ जणांची असते, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, आणि तिचं कामकाज राज्यसभा सचिवालय पाहतं. रेल्वेची समिती वेगळी, ती लोकसभा सचिवालयाकडे. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत या समित्या अनुदानाच्या मागण्या तपासतात. सचिवालयातली समिती शाखा प्रश्नावली तयार करते, मंत्रालय लेखी उत्तरं देतं, मग सचिवांची तोंडी साक्ष होते, शब्दन् शब्द टिपला जातो आणि त्यावरून अहवालाचा मसुदा बनतो.

ही झाली पैसा मंजूर होण्याआधीची तपासणी. खर्च झाल्यावर कॅग लेखापरीक्षण करतं. त्याचा अहवाल संसदेत मांडला जातो आणि तिथून लोकलेखा समितीकडे जातो. या समितीत २२ सदस्य असतात आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. राज्यातही विधिमंडळाची लोकलेखा समिती, अंदाज समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती आहे. समृद्धी महामार्ग बांधणारं रस्ते विकास महामंडळ किंवा एसटी महामंडळ यांचा हिशेब राज्याच्या या यंत्रणेपुढे येतो.

आता कॅगच्या अहवालातला एक पॅरा, म्हणजे एक आक्षेप, जवळून पाहू, कारण मुलगी जिथे चुकेल ती जागा इथेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतमाला या केंद्राच्या महामार्ग कार्यक्रमाच्या टप्पा १ वरचा कॅगचा अहवाल संसदेत मांडला गेला. बातमी झाली ती दिल्ली-गुरुग्रामच्या द्वारका एक्सप्रेसवेची : मंजुरी किलोमीटरला १८.२० कोटींची, खर्च किलोमीटरला २५०.७७ कोटी. बहुतेकांनी एवढंच वाचलं. अहवाल उघडला की कळतं, २५०.७७ हा आकडा ७,२८७.२९ कोटींना २९.०६ किलोमीटरने भागून आला आहे. मंत्रालयाचं म्हणणं होतं की १८.२० कोटी ही कार्यक्रमातल्या राष्ट्रीय कॉरिडॉर या गटातल्या सगळ्या रस्त्यांची सरासरी आहे, उन्नत मार्ग आणि बोगदा असलेल्या या एका रस्त्याचा तो अंदाज नाही. या उत्तरात तथ्य आहे. मग कॅगचा मुद्दा संपला का? नाही. आठ मार्गिकांचा उन्नत रस्ता का हवा, याचं कारण नस्तीवर (फाइलवर) नोंदलेलं सापडलं नाही, असं लेखापरीक्षणाने म्हटलं. पक्का प्रश्न हा आहे, कारण सरासरी पुढे करून तो टाळता येत नाही. ज्याला मथळ्यातला आकडा बाजूला ठेवून नस्तीवरच्या कारणापर्यंत जाता येतं, तोच या कामात टिकतो.

त्याच अहवालात आणखी एक भागाकार मुलीला करायला लावा. ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली ती ३४,८०० किलोमीटर आणि ५.३५ लाख कोटींना. मार्च २०२३ पर्यंत २६,३१६ किलोमीटरची कामं दिली गेली, त्यांची मंजूर किंमत ८.४६ लाख कोटींच्या पुढे. म्हणजे किलोमीटरमागे साधारण १५.३७ वरून ३२.१७ कोटी. द्वारकाचा आकडा जास्त गाजला, पण मला हा जास्त गंभीर वाटतो. इथे एका रस्त्याच्या खास रचनेचं कारण चालत नाही, अख्ख्या कार्यक्रमाचा अंदाज कसा बांधला गेला हा प्रश्न उभा राहतो. रेल्वेचं उदाहरण घ्यायचं तर राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष बघा. २०१७-१८ मध्ये पाच वर्षांसाठी १ लाख कोटींची घोषणा झाली, त्यात रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून वर्षाला ५,००० कोटी भरायचे होते. पहिल्या चार वर्षांत या वाट्याचे २०,००० कोटी व्हायला हवे होते, त्यातले १५,७७५ कोटी भरलेच गेले नाहीत, असं कॅगने दाखवलं. घोषणा आणि भरणा यांतलं अंतर असं मोजतात.

असा पॅरा तयार व्हायला वेळ लागतो. लेखापरीक्षण पथक कार्यालयात जाऊन निविदा, मोजमाप पुस्तिका, देयकं आणि पत्रव्यवहार बघतं. शंका आली की हाफ मार्जिन देतं, म्हणजे पानाच्या एका बाजूला आक्षेप आणि दुसरी बाजू विभागाच्या उत्तरासाठी मोकळी. समाधान झालं तर विषय तिथेच मिटतो. नाहीतर तो निरीक्षण अहवालात जातो, त्यातले वजनदार मुद्दे ड्राफ्ट पॅरा बनून सरकारकडे जातात, उत्तराला साधारण सहा आठवडे मिळतात. पॅरा बाद होतो तो बहुधा पुराव्याअभावी : मूळ कागदाची प्रत घेतलेली नसते, निकष कोणता हे लिहिलेलं नसतं, किंवा नुकसानीची रक्कम कशी काढली ते दाखवलेलं नसतं. बी.कॉम.ची मुलगी हे लवकर शिकू शकते. व्हाउचरला पुरावा लागतो हे तिला कुणी नव्याने सांगायला नको.

आता वाटा. पदवीनंतर सरळ जाणारी वाट एसएससी सीजीएलची, म्हणजे कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेची. महिलांना अर्जाची फी नाही, नागपूरला परीक्षा केंद्र आहे. कॅगकडच्या सहायक लेखापरीक्षा अधिकारी पदाचा वेतनस्तर ८, सुरुवातीचं मूळ वेतन ४७,६०० रुपये. लेखापरीक्षक म्हणजे ऑडिटर हे पद स्तर ५ वर, २९,२०० पासून. ऑडिटर म्हणून लागलं तरी खात्याची एसएएस परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर वर जाता येतं. थेट अधिकारी म्हणून लागलेल्यांनाही ही परीक्षा द्यावीच लागते.

पसंतीक्रम भरताना फार जण फसतात, म्हणून यावर थोडं थांबतो. यादीत ऑडिटर नावाचं पद एकाहून अधिक खात्यांत असतं. कॅगकडचा ऑडिटर सरकारी खर्च तपासतो, तर सीजीडीएकडचा ऑडिटर संरक्षण लेखा विभागात देयकं आणि हिशेब बघतो. तसंच एजी ऑफिसात लेखापरीक्षा आणि लेखा-हकदारी या शाखा वेगळ्या आहेत. दुसरी शाखा राज्याचे हिशेब जुळवते आणि पेन्शन, भविष्य निर्वाह निधी सांभाळते. ते कामही मोलाचं आहे, पण तुमच्या मुलीला हवं ते हे नाही. तिने पदाच्या नावापुढचं खातं वाचूनच क्रम लावावा. परीक्षेत वाणिज्य शाखेची मुलं गणितात सहसा तरतात, घसरतात ती इंग्रजीत. सध्याच्या रचनेत दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे ४५ प्रश्न, प्रत्येकी ३ गुणांचे असतात. रचना बदलत असते, म्हणून त्या वर्षीची अधिसूचना वाचून मगच पुस्तकं घ्या.

नागपूरच मिळेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. नेमणूक गुणवत्ता, पसंती आणि रिक्त जागा पाहून होते. शिवाय लेखापरीक्षण पथकाला दौरे असतात, कधी काही आठवडे सलग. हे घरात आधी बोलून घ्या.

यूपीएससीतून भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवा मिळते, तिचं प्रशिक्षण सिमल्याच्या राष्ट्रीय अकादमीत होतं. लोकसभा आणि राज्यसभा सचिवालयांची भरती स्वतंत्र असते, जाहिराती अनियमित येतात, म्हणून दोन्हींची संकेतस्थळं महिन्यातून एकदा पाहावीत. पदवी हातात आल्यावर वय २५ च्या आत असेल तर पीआरएस या संसदीय कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप हा उत्तम अनुभव आहे. अकरा महिने दिल्लीत एका खासदारासोबत काम, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत. प्रश्न तयार करणं, विधेयकांवर टिपणं, समितीच्या बैठकीसाठी माहिती काढणं. ती कायमची नोकरी नाही, पण हे काम आपल्याला झेपतं का याचा निकाल तिथे लागतो. राज्यात राहायचं असेल तर एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा आहे.

तुम्ही सुचवलेली सीएची वाट या विषयापासून दूर नाही. नागपूर मेट्रो चालवणारी महामेट्रो ही केंद्र आणि राज्याची निम्म्या-निम्म्या भागीदारीतली सरकारी कंपनी आहे. अशा कंपन्यांचे लेखापरीक्षक कॅग नेमतं, ते सीए फर्ममधूनच येतात, आणि त्यांच्या कामावर कॅगचं पूरक लेखापरीक्षणही होऊ शकतं.

एक अट आवडो न आवडो, पाळावी लागते. एजी ऑफिसमध्ये किंवा सचिवालयात गेल्यावर राजकीय मतं जाहीर करता येत नाहीत, वर्तमानपत्राशी परस्पर बोलता येत नाही आणि अहवाल मांडला जाईपर्यंत समितीचं कामकाज गोपनीय असतं. रस्तेमंत्री आपल्याच शहराचे खासदार आहेत, त्यामुळे नागपुरात या विषयावर प्रत्येक घरात ठाम मत असतं. नोकरीत ते दाराबाहेर ठेवावं लागतं. शिवाय रस्ता हवा की नको, हे धोरण कॅग ठरवत नाही. ठरलेलं काम काटकसरीने, कार्यक्षमतेने आणि परिणामकारकपणे झालं का एवढंच ते पाहतं. समितीची शिफारसही सरकारवर बंधनकारक नसते. ज्याला उघड बोलायचं आहे, त्याने पत्रकारिता किंवा संशोधन संस्था निवडावी.

मुलीने आजपासून करावा असा अभ्यास सांगतो. रस्ते मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांतलं एकच शीर्ष, म्हणजे खर्चाचं एक सदर, घ्यावं, समजा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातली गुंतवणूक. २०२५-२६च्या कागदपत्रांत २०२३-२४चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५चा मूळ आणि सुधारित अंदाज, आणि पुढचा अंदाज असे चार रकाने मिळतात. मागच्या वर्षांची कागदपत्रं जोडून तक्ता मागे न्यायचा. मूळ अंदाजाची तुलना प्रत्यक्ष खर्चाशी करायची असेल तर दोन्ही आकडे एकाच वर्षाचे हवेत, इथे नवशिके हमखास घसरतात. दुसरा सापळा कर्जाचा. रस्ते मंत्रालयाची तरतूद २०२१-२२ च्या १.१८ लाख कोटींवरून २०२२-२३ मध्ये १.९९ लाख कोटी झाली. ही सगळी वाढ खऱ्या खर्चाची मानली तर चूक होते, कारण त्याच वर्षी प्राधिकरणाचं ६५,००० कोटींचं बाजारातलं कर्ज शून्यावर आणून तो भार अर्थसंकल्पावर घेतला गेला.

तक्ता झाला की त्याच मंत्रालयावरचा स्थायी समितीचा अहवाल वाचायचा आणि मग त्यावरचा कृती अहवाल, म्हणजे शिफारशींवर सरकारने काय केलं ते सांगणारा अहवाल. सरकारने तीन महिन्यांत उत्तर देणं अपेक्षित असतं. कृती अहवालात समितीने न स्वीकारलेल्या उत्तरांचं वेगळं प्रकरण असतं, तिने सुरुवात तिथूनच करावी, कारण खरा वाद तिथे असतो. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन नागपूरला भरलं की पुरवणी मागण्यांची, म्हणजे मार्चच्या अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा रकमांची, पुस्तिका मिळवावी, सार्वजनिक बांधकाम विभागाची पानं काढावीत आणि प्रत्येक मागणीपुढे एकच प्रश्न लिहावा : मार्चमध्ये ही रक्कम का कळली नव्हती? आमदाराच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो, एक दिवस प्रश्नोत्तरांचा तास बघून यावा.

बँकेच्या परीक्षेबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. गणित, बुद्धिमापन आणि इंग्रजी ही तयारी दोन्हीकडे बरीचशी सारखी, तेव्हा तिला दोन्ही अर्ज भरू द्या. बँकेची नोकरी आधी लागली तर ती घ्यावी आणि सीजीएलचे प्रयत्न चालू ठेवावेत. वयोमर्यादा सहायक लेखापरीक्षा अधिकाऱ्यासाठी ३० आणि ऑडिटरसाठी २७ आहे, हाताशी वर्षं आहेत. एवढंच बघा की अर्ज करतानाच्या अधिसूचनेत पदवी पूर्ण असण्याची जी तारीख दिली असेल, तिच्या आत तिच्या सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागलेला असेल.