उलटी शिंक नव्हे, उलटशिंक

प्रश्न असा आहे: घरातल्या अकरा वर्षांच्या कुत्र्याला हल्ली वरचेवर एक विचित्र झटका येतो. मान ताणून, कोपरं बाहेर काढून तो जागीच उभा राहतो, डोळे मोठे होतात आणि तोंड मिटलेलं ठेवून नाकानं घर्र-घर्र करत हवा आत ओढत राहतो. अर्ध्या-एक मिनिटात सगळं शांत, आणि काही झालंच नाही असा शेपटी हलवत चालू लागतो. इंग्रजीत याला रिव्हर्स स्नीझिंग म्हणतात. घरात कुणी 'उलटी शिंक' म्हणतं, कुणी 'ठसका', शेजारचे ठामपणे 'दमा' म्हणतात. मराठीत बरोबर काय?

उलटशिंक. एक शब्द, मध्ये जागा न सोडता.

'उलटी शिंक' व्याकरणानं चुकीचं नाही. उलटी वाटी, उलटी टोपी, तशी उलटी शिंक. पण दुखण्याखुपण्याच्या बोलण्यात 'उलटी' हे विशेषण उरतच नाही, ते नाम होतं आणि त्याचा अर्थ ओकारी. अनेकवचनात तर पुरता घोळ होतो. 'कुत्र्याला उलट्या शिंका येतायत' असं फोनवर सांगून बघा. पलीकडच्या माणसाला पहिले दोन शब्द ऐकू येतात आणि लगेच उलट प्रश्न येतो, 'काय खाल्लं होतं?' नाकाची तक्रार पोटाच्या खात्यात गेली.

यावर मराठीनं तोडगा फार पूर्वी काढून ठेवला आहे. 'उलट' हे रूप लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही आणि पुढच्या शब्दाला जाऊन चिकटतं: उलटतपासणी, उलटपक्षी, उलटसुलट. वकील साक्षीदाराची 'उलटी तपासणी' करत नाही. मग शिंकेनंच काय पाप केलं? उलटशिंक, उलटशिंका, उलटशिंकेचा, उलटशिंकांमुळे. कुठंही ओकारी डोकावत नाही.

दम्याबद्दल मात्र मला राग आहे, कारण हा शब्द माणसं नुसत्या आवाजावरून वापरतात. दमा फारसी 'दम' म्हणजे श्वास यावरून आला. दम्यात अडचण मुख्यतः श्वास बाहेर सोडताना होते. इथे कुत्रा हवा आत खेचतोय. दिशाच उलटी. शिवाय दमा हा मांजरांत दिसणारा आजार आहे, कुत्र्यांत तो क्वचित. 'ठसका' म्हणणारेही चुकतात, ठसक्यातही हवा जोरानं बाहेर पडते. त्यातल्या त्यात जवळ जातात ते 'उचकी लागलीय का याला?' असं विचारणारे. उचकीत आणि हुंदक्यात हवा झटक्यानं आत येते, उलटशिंकेतही तेच. म्हणजे उलटशिंक नावानं शिंकेच्या घरची असली तरी चालीनं उचकीची आणि हुंदक्याची बहीण आहे.

आता मूळ शब्दाकडे येतो, कारण खरी गंमत 'शिंक' मध्ये आहे.

संस्कृत-प्राकृतात छिक्का. हिंदीत तिची छींक झाली, मराठीत शिंक. मराठीत जुन्या 'छ'चा सहसा 'स' होतो: क्षुरिका, छुरी, सुरी, मत्स्य, मच्छ, मासा. पण त्या छ-ला इकार किंवा एकार लागला असेल तर 'स' न होता 'श' होतो: क्षेत्र, छेत्त, शेत. छिक्का, शिंक. मासा तर आजही आपल्या डोळ्यांदेखत हा खेळ खेळतो. मासा म्हणताना स, माशाचा म्हणताना श.

आणि मक्षिका? तिची प्राकृतात दोन रूपं झाली, मक्खिआ आणि मच्छिआ. हिंदीनं पहिलं घेतलं, मक्खी. मराठीनं दुसरं घेतलं आणि वरच्याच नियमानं त्याची माशी केली.

आता 'कुठे माशी शिंकली?' हा वाक्प्रचार म्हणून पाहा. माशीतला श आणि शिंकेतला श, दोन्ही एकाच छ-चे, एकाच नियमानं घडलेले. मच्छिआ आणि छिक्का शेकडो वर्षांच्या वाटेवर निघाल्या आणि मराठीत येऊन एकाच वाक्प्रचारात शेजारी बसल्या. जुळलेलं काम फिसकटलं की आपण सहज हे बोलतो, आणि त्या दोन शब्दांत मराठीच्या ध्वनिबदलाचा अख्खा धडा असतो. मला याच्याइतका आनंद दुसऱ्या कुठल्याही व्युत्पत्तीनं दिलेला नाही.

शिंकेतला अनुस्वार कुठून आला हा पुढचा मुद्दा, आणि इथे माझं रूढ मताशी पटत नाही. छिक्का मध्ये अनुस्वार नाही. रूढ स्पष्टीकरण असं की जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर आपोआप अनुनासिक होतो: पिप्पल, पिंपळ, मार्जार, मांजर, पक्ष, पंख. नियम बरोबर आहे. पण 'आपोआप' हे काही कारण नव्हे. तो नियम प्रत्येक शब्दाला लागत नाही. सप्तचा सात झाला, सांत नाही. हस्तचा हात झाला, हांत नाही. मग कुठल्या शब्दानं अनुस्वार घेतला आणि कुठल्यानं नाही, हे कुणी ठरवलं?

माझं म्हणणं असं की काही शब्दांत ते नाकानं ठरवलं. शिंकणे, फुंकणे, हुंगणे, भुंकणे, थुंकणे ही रांग वाचा. सगळ्या चेहऱ्याच्या पुढच्या भागातून होणाऱ्या क्रिया, आणि प्रत्येकीत अनुस्वार. भुंकणेच्या मुळाशी धातुपाठातला, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीतला, 'बुक्क भषणे' हा धातू आहे, त्यात अनुस्वार नाही. हिंदीत छींक, फूँक, भौंक अशी अनुनासिकं आहेत, पण थुंकी आली की हिंदी थूक म्हणून मोकळी होते. मराठीनं तिथेही अनुस्वार सोडला नाही. पिंपळाला नाक नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मला पुरेसा वाटत नाही. नियमानं दार उघडलं असेल, पण शिंक त्या दारातून आत शिरली ती तिचा आवाजच नाकाचा म्हणून. शिंकेची नक्कल करायला लहान मुलाला सांगा, ते छिक् म्हणणार नाही. ते नाकातूनच काहीतरी काढील. बोलणाऱ्याच्या कानाला या प्रक्रियेतून वगळून केलेलं व्युत्पत्तिशास्त्र मला अर्धवट वाटतं.

क्षवथु हा शिंकेचा संस्कृत शब्द धरून काही मंडळी उलटशिंकेसाठी 'प्रतिक्षवथु' किंवा 'विपरीत क्षवथु' असे शब्द सुचवतात. नको. एक तर ते कुणी बोलणार नाही. दुसरं म्हणजे क्षवथु हा शब्दच वादात सापडलेला आहे, आणि तो वाद थेट अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाशी आहे. अमर शिंकेला क्षुत्, क्षुत आणि क्षव देतो आणि पुढच्याच दमाला लिहितो, 'कासस्तु क्षवथुः पुमान्'. म्हणजे क्षवथु हा खोकला! उलटपक्षी चरक अडवू नयेत अशा शरीराच्या नैसर्गिक वेगांच्या यादीत क्षवथु घालतो तो शिंकेच्या अर्थानं. ती दाबली तर मान धरते, डोकं दुखतं, अर्धशिशी होते असं सांगतो, आणि खोकल्याचा विचार कास म्हणून वेगळा करतो. सुश्रुताच्या नासारोगांतही क्षवथु आहे. नाकाच्या रोगांत खोकला कशाला येईल? इथे मी वैद्यांच्या बाजूनं आहे, कोशकाराच्या नाही. रोज रोगी पाहणाऱ्याचा शब्द श्लोक जुळवणाऱ्याच्या शब्दापेक्षा भरवशाचा.

अमराचा घोटाळा का झाला असावा, तेही दिसतं. धातुपाठात 'टुक्षु शब्दे' एवढंच आहे, म्हणजे नुसता आवाज करणं. खोकल्यालाही आवाज आहेच. आणि धातूला लागलेला तो 'टु' महत्त्वाचा आहे. ज्या धातूंना टु लागतो त्यांना पाणिनी 'अथु' हा प्रत्यय लावतो: वेप् वरून वेपथु म्हणजे कंप, श्वि वरून श्वयथु म्हणजे सूज, क्षु वरून क्षवथु, वम् वरून वमथु म्हणजे ओकारी. शिंक आणि उलटी एकाच प्रत्ययाच्या पोटच्या! मराठीत 'उलटी शिंक' म्हणून आपण नकळत त्या दोघींना पुन्हा एकत्र बांधतो. संस्कृतात ते शोभतं, दवाखान्यात नाही.

उलटशिंकेत नेमकं काय उलट असतं, हेही नीट सांगायला हवं, कारण 'शिंक आत गेली' असं वर्णन मी पुष्कळदा ऐकतो आणि ते चूक आहे. बाहेर निघालेली शिंक परत फिरत नाही. शिंकेत आधी हवा आत घेतली जाते आणि मग एका स्फोटात नाकावाटे बाहेर फेकली जाते, कारण खाजवणारी वस्तू नाकाच्या पुढच्या भागात असते. उलटशिंकेत त्रास असतो नाकाच्या मागच्या टोकाला, मऊ टाळूच्या वर, जिला वैद्यकीय मराठीत नासाग्रसनी म्हणतात तिथे. तिथून पुढे फेकणं अवघड, म्हणून शरीर जोराजोरानं हवा आत ओढतं आणि ती वस्तू किंवा चिकटा घशाकडे खेचून गिळून टाकतं. प्रतिक्षिप्त क्रिया आहे, फिट नव्हे. कुत्र्यानं आवंढा गिळला की उबळ बहुधा थांबते ती याचमुळे. तेवढा वेळ शांतपणे गळ्यावरून हात फिरवावा. तोंडात बोटं घालू नयेत.

'उबळ' हा शब्द इथे मुद्दाम वापरला. खोकल्याची उबळ आपण म्हणतोच. एकामागून एक झटके येऊन अचानक थांबणं या अर्थाला याहून नेमका शब्द नाही. उलटशिंका सुट्या क्वचित येतात, त्यांची उबळ येते.

प्रश्नात 'वरचेवर' आणि 'अकरा वर्षांचा' हे दोन शब्द आहेत, आणि ते शब्दचर्चेपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. तरुण, लहान चणीच्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला धूळ, धूर, अत्तर, घाईघाईनं पाणी पिणं, गळ्याचा पट्टा ओढला जाणं यानं अधूनमधून उलटशिंक येते आणि तिचं काही करावं लागत नाही. पण म्हातारपणी ती नव्यानं सुरू झाली किंवा वाढत चालली, तर 'त्याची सवयच आहे' म्हणून सोडून देऊ नये. वरच्या सुळ्याच्या मुळाशी हिरडी कुजून तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक पडलेलं असू शकतं. दाताच्या मुळाशी पू असू शकतो. गवताचं कुसळ नाकात मागे अडकलेलं असतं, नाकात माइट नावाचे सूक्ष्म किडे असतात, जुनी सूज असते, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात नाकातली गाठही असते. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा पू येणं, चेहऱ्याची एक बाजू फुगणं, खाताना दात चुकवणं या गोष्टी दिसल्या तर दिवस घालवू नयेत. हिरड्या निळसर झाल्या किंवा कुत्रा कोसळला तर ती उलटशिंक नव्हेच, तेव्हा तासभरही थांबू नये.

इथेच शब्द कामाला येतात. मोठ्या चणीच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं भुंकणं घोगरं झालं असेल आणि तो तोंड उघडं ठेवून घरघरत श्वास घेत असेल, तर स्वरयंत्र लुळं पडलेलं असू शकतं. ती 'घरघर'. लहान चणीचा कुत्रा उत्तेजित झाल्यावर बदकासारखा कोरडा खोकत असेल तर श्वासनलिका चपटत असेल. ती 'ढास'. जरा चाललं की जीभ बाहेर आणि बरगड्या भात्यासारख्या, ती 'धाप', आणि तिथे हृदयाचा विचार आधी. तोंड मिटून, मान ताणून, नाकानं आत ओढणं आणि नंतर लगेच ठणठणीत, ती उलटशिंक. चार वेगळे शब्द आपल्याकडे आहेत आणि चारांनाही 'दमा' म्हटलं तर डॉक्टरांना पुन्हा शून्यापासून विचारावं लागतं.

उबळ चालू असताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा, दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रा हमखास शहाण्यासारखा वागतो. दातांचा एक्स-रे, सीटी स्कॅन किंवा नाकातून दुर्बीण घालायची म्हटली तर भूल द्यावी लागते. म्हणून या वयात आधी रक्ताची तपासणी आणि हृदयाची चाचणी सांगतील, ती टाळू नका. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा आजपासूनच वापरायला हरकत नाही.

आणि सांगताना असं सांगा: 'आधी महिन्यातून एखाद्या वेळी यायची, आता रोज उलटशिंकांची उबळ येते, बहुतेक झोपेतून उठल्यावर, आणि उजव्या नाकपुडीतून पाणी येतं.' उलटशिंक 'येते'. कुत्रा ती 'करत' नाही आणि 'मारत' तर नाहीच. हल्ली 'तो उलटी शिंक मारतो' असंही कानावर येतं, तेवढं तरी बंद करा.