नडगीचं ऑपरेशन एक, बिलं दोन

प्रश्न : आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. सायकलवरून पडून यजमानांच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. त्याच रात्री जखम साफ करून सळई घातली. सळईचे पैसे विमा कंपनीने दिले. जखम साफ करणं ‘त्याच शस्त्रक्रियेत धरलेलं’ म्हणून नाकारलं. आता सर्जनच्या ऑफिसने आम्हाला २,१४० डॉलरचं बिल धाडलंय. सर्जन नेटवर्कमधले (विमा कंपनीशी करार केलेले), विमा माझ्या नोकरीतला. भरावं का?

उत्तर : ताई, आत्ता भरू नका.

ऑपरेशन करताना होणारी किरकोळ साफसफाई मुख्य कामातच धरतात, हे खरं. पण उघड्या फ्रॅक्चरला तो नियम लागत नाही. रस्त्यावर घासलेल्या जखमेतून माती, मेलेला स्नायू, हाडाचे तुकडे काढणं हे वेगळं काम आहे आणि त्याला वेगळे सीपीटी कोड (डॉक्टरच्या प्रत्येक कामाला बिलात लावायचे ठरावीक आकडे) आहेत : कातडी व तिच्याखालच्या थरापर्यंत ११०१०, स्नायूपर्यंत ११०११, हाडापर्यंत ११०१२. सळईच्या २७७५९ सोबत ते लावायला मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या) कोडिंग नियमांचीही मुभा आहे.

मग नाकारलं का? मी आधी दोन जागा पाहते. साध्या जखमांसाठी असलेला ११०४३ किंवा ११०४४ चुकून लावलाय का? आणि निदानाच्या कोडचं सातवं अक्षर काय आहे? पहिल्या उपचाराला उघड्या फ्रॅक्चरसाठी तिथे ‘बी’ किंवा ‘सी’ हवं. ‘ए’ पडलं असेल, तर कागदोपत्री हाड कातडीबाहेर आलंच नाही! एवढ्याशा अक्षरापायी घरातल्या माणसांची झोप उडते, याचा मला फार राग येतो.

ऑपरेशन नोट मागवा. हिपा या वैद्यकीय नोंदींविषयीच्या कायद्याने ती ३० दिवसांत मिळायला हवी. यजमानांची सही लागेल. काय कापून काढलं, किती खोलवर, हे तीत लिहिलेलं हवं. नुसतं ‘सलाइनने जखम धुतली’ असेल, तर ११०१२ टिकणार नाही. पण तेव्हाही भुर्दंड तुमच्यावर येतोच असं नाही. विमा कंपनीने सर्जनला पाठवलेल्या हिशेबात ‘सीओ ९७’ (‘दुसऱ्या कामाच्या पैशांतच धरलेलं’ असा शेरा) असेल, तर ती रक्कम नेटवर्कमधल्या डॉक्टरने करारानुसार सोडून द्यायची असते, रुग्णाकडून घ्यायची नसते. ‘पीआर’ (रुग्णाने भरायचे) लिहिलेले डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम), कोइन्शुरन्स (त्यानंतरच्या बिलातला तुमचा वाटा) मात्र तुमचे. ते वेळेवर भरा.

सर्जनच्या बिलिंगला आजच लेखी कळवा : खातं थांबवा, वसुलीला देऊ नका, कोड तपासून सुधारित क्लेम पाठवा. फोनवर भागवू नका. त्यांनी टाळाटाळ केली तर विमा कंपनीकडे तुम्ही स्वतः अपील करा. नकार हाती पडल्यापासून १८० दिवस मिळतात. सुधारित क्लेमची वाट पाहण्यात हे दिवस घालवू नका. अपिलात क्लेमची पूर्ण फाइल मागा, ती फुकट द्यावी लागते. तिथेही नकार आला आणि वाद वैद्यकीय निर्णयाचा असेल, तर चार महिन्यांत बाहेरच्या स्वतंत्र तपासणीची मागणी करता येते.

त्या रात्रीच्या भूलतज्ज्ञाचं नेटवर्कबाहेरचं बिल आलं, तर तेही घाईने भरू नका. तातडीच्या उपचारांत अशा जादा वसुलीला १ जानेवारी २०२२ पासून केंद्रीय कायद्याने बंदी आहे.