‘हॉबीलोस’ म्हणाले, म्हणजे नेमकं काय म्हणाले?

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी चाकणहून जर्मनीत सिंडेलफिंगनला आलो. यजमान मोटारींच्या कारखान्यात आहेत. मुलगा १३ वर्षांचा, सातवीत. गेल्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर एका मुलाने त्याला ‘हॉबीलोस’ म्हटलं आणि बाकीच्यांनी खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. झालं होतं एवढंच, की चाचणीची तारीख कुणीतरी बऱ्याच दिवसांपूर्वी चुकीची टाकली होती आणि याने मागे मागे जाऊन ती शोधून दुरुस्त केली. तेव्हापासून घरात गप्प असतो. मी शब्दकोशात पाहिलं, तर ‘ज्याला छंद नाही असा’. खरं सांगायचं तर त्याला छंद नाहीच. शाळेतून येतो, जेवतो, कराडच्या आजीशी तासभर फोनवर बोलतो, अभ्यास करतो. आता ज्युडो, गिटार आणि पोहणं अशा तिन्ही ठिकाणी त्याचं नाव घालायचं ठरवलं आहे. बरोबर आहे ना? – एक आई

उत्तर : ताई, तिन्ही अर्ज आधी बाजूला ठेवा.

शब्दकोशातला अर्थ चुकीचा नाही, पण शाळेच्या आवारात तो तसा चालत नाही. कुणी दोन वर्षांपूर्वीच्या फोटोखाली आज काहीतरी लिहिलं, कुणी मध्यरात्री क्षुल्लक गोष्टीवरून वाद घालत बसलं, की इथली मुलं म्हणतात, ‘वी हॉबीलोस बिस्ट दू?’ म्हणजे, ‘किती रिकामा आहेस रे तू?’ याच्याच जोडीचं दुसरं वाक्य, ‘झूख दीर माल आइन हॉबी’, जा, एखादा छंद शोध. तुमच्या मुलाने काय केलं, त्यावर तो शेरा होता. तुमचा मुलगा दुपारी घरी काय करतो, हे त्या पोराच्या मनातही नसेल. तुम्ही मात्र तो शब्द घरी आणून त्याच्या सगळ्या दिनक्रमाला लावून पाहिलात, आणि तो तंतोतंत बसला असं तुम्हाला वाटलं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात लागलेली गोष्ट ती.

मी इथे २२ वर्षं राहते. त्याआधी पुण्यात जर्मन शिकवत होते. ए-वन, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेच्या तोंडी भागात समोर एक कार्ड ठेवतात. त्यावर नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय आणि सर्वांत शेवटी हॉबी, असे सात शब्द असतात. प्रत्येक तुकडीत एकच उत्तर यायचं: लेझन, कोखन, मुझीक ह्योरन. वाचन, स्वयंपाक, गाणी ऐकणं. स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा असलेल्या मुलीसुद्धा ‘कोखन’ म्हणायच्या, कारण तो शब्द पाठ होता. मीच पाठ करून घेतलेला. इथे आल्यावर कळलं की हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. माणसाची ओळख करून घेताना इथे तो खरोखर विचारतात आणि उत्तर लक्षात ठेवतात. नोकरीच्या अर्जातसुद्धा पुष्कळ जण छंद लिहितात.

याला कारण आहे. इथली शाळा पूर्वापार दुपारी एकच्या सुमारास सुटायची. मूल घरी येऊन जेवायचं आणि पुढची अख्खी दुपार मोकळी. खेळ, वाद्यं, नाटक हे शाळेच्या अंगावर फारसं नव्हतंच, ते गावातल्या ‘फेराइन’कडे, म्हणजे मंडळाकडे. सात माणसं जमली की फेराइनची रीतसर नोंदणी होते, आणि देशभरात अशी सहा लाखांहून जास्त नोंदलेली मंडळं आहेत. फुटबॉल, नेमबाजी, बुद्धिबळ, ससे पाळणारे, गाणारे, सगळ्यांची. अग्निशमन दलसुद्धा बहुतेक गावांत स्वयंसेवकांचं असतं आणि त्याला मुलांची शाखा असते. आता दिवसभराच्या शाळा वाढल्या आहेत, तरी ‘दुपारी तू कुठे असतोस?’ हा प्रश्न गेलेला नाही. त्या प्रश्नाला ‘घरी’ एवढंच उत्तर दिलं, की समोरच्याला पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

आपल्याकडे रिकाम्या माणसाला काय म्हणतात? ‘काही कामधंदा नाही का तुला?’ गॅलरीत उभी राहून रस्ता बघत बसले की माझी आई हेच म्हणायची. आपण कामावरून लाज काढतो, ही मुलं फावल्या वेळावरून काढतात. इथली मुलंही पूर्वी कामावरूनच काढायची. लांगेनशाइड्ट प्रकाशन २००८ पासून, २०१९ सोडलं तर, दर वर्षी तरुणांचा एक शब्द निवडतं. २००९ साली ‘हार्ट्सन’ निवडला गेला होता. २००५ ते २०२२ या काळात लागू असलेल्या हार्ट्स-फोर या बेकारांच्या भत्त्यावरून आलेला, अर्थ नुसतं लोळत पडणं. ‘हॉबीलोस’सुद्धा ‘आर्बाइट्सलोस’, म्हणजे बेकार, याच साच्यातला आहे. शेवटी ‘लोस’ लावलं की आपल्या ‘हीन’सारखं काम होतं.

या शब्दाचा मला राग येतो तो आणखी एका कारणाने. फेराइनची वर्गणी अनेकदा कमी असते, पण बूट, गणवेश, शनिवारी सामन्याला मुलाला घेऊन जाणारी गाडी, हे सगळं ज्याच्या घरी नाही त्याची दुपार खरोखर रिकामी असते. सरकार अशा घरांतल्या मुलांना मंडळासाठी किंवा संगीताच्या शिकवणीसाठी महिन्याला १५ युरो देतं. २०१९ च्या जुलैपर्यंत ते १० होते. मी पालकसभांना दुभाषी म्हणून जाते. तिथे हा अर्ज भरताना आयांचे हात अडखळताना मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलांना ‘हॉबीलोस’ म्हणणं ही चेष्टा नाही, ते दुष्टपणाचं आहे, आणि तुमचा मुलगा उद्या तो शब्द दुसऱ्या कुणाला वापरू लागला तर त्याला हे सांगा.

तुमच्याकडे प्रश्न पैशाचा दिसत नाही. तुमच्याकडे मला घाई दिसते. तीच मी केली होती, म्हणून सांगते.

माझी मुलगी दुसरीत असताना वर्गातलं एक ‘फ्रॉइंडेबुख’ घरी घेऊन आली. मैत्रीवही. प्रत्येक मुलाला एक पान. फोटोची चौकट, उंची, आवडतं खाणं आणि ‘माझे छंद’ अशी एक रेघ. आवडत्या खाण्यापुढे तिने मला न विचारता ‘पोहे’ लिहिलं. छंदाशी आली आणि पेन्सिल चावत बसली. आधीच्या पानावर तिच्या मैत्रिणीने जिम्नॅस्टिक्स आणि बासरी लिहिलं होतं. मी म्हटलं, लिही, वाचन आणि चित्रकला. तिने लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर भरताना म्हणाली, ‘आई, मी चित्रं काढतच नाही. तू मला खोटं लिहायला लावलंस.’ मग तिने ते खोडलं. इतकं जोरात, की कागद तिथे पातळ होऊन मागची अक्षरं दिसायला लागली. त्यावर लिहिलं, ‘क्न्योप्फे’. बटणं. माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं ती रोज दुपारी जमिनीवर मांडायची, कधी रंगाने, कधी भोकांच्या संख्येने. मी तो पसारा समजत होते आणि रोज उचलायला सांगत होते. पुढच्या आठवड्यात त्या बासरीवाल्या मुलीने एका पाकिटात तीन बटणं आणून दिली. एक पितळेचं होतं, जहाजाच्या नांगराचं चित्र असलेलं.

म्हणून तुमच्या मुलाला आधी विचारा, की तो तासभर आजीशी बोलतो ते काय. जुन्या गोष्टी विचारतो का, कोयनेच्या, शेताच्या, आजोबांच्या? तेरा वर्षांचा मुलगा आपण होऊन रोज तासभर आजीशी बोलतो, हे मी तरी क्वचितच ऐकलं आहे. तो तास कुठल्याही क्लासासाठी मोडू नका.

दुसरं, तारीख त्याने बरोबर दुरुस्त केली होती, हे घरात मोठ्याने म्हणा. त्याच्यामुळे कुणाची तरी चाचणी चुकायची राहिली असेल.

तिसरं, एकदा झालं तर सोडून द्या. तोच मुलगा, तेच टोळकं, रोज असं असेल तर त्या संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवून वर्गशिक्षकांची वेळ मागा. मुलाला सांगून मागा, त्याच्या नकळत नको.

आणि त्याला स्वतःला कुठे जायचं असेल, तर एकाच ठिकाणी, त्याने निवडलेल्या, ‘श्नुपरट्रेनिंग’ला पाठवा. श्नुपर्न म्हणजे हुंगणं. एक-दोनदा जाऊन वास घ्यायचा, आवडलं तर सभासद व्हायचं. जाताना हॉलमध्ये घालायचे वेगळे बूट लागतात, जमिनीवर डाग न पाडणाऱ्या तळव्याचे. बाहेरचे बूट घालून गेला तर पहिल्याच दिवशी दारात थांबवतील आणि मग तो पुन्हा जायचा नाही.

प्रश्न : मी पुण्यात बी-वनची, म्हणजे जर्मनच्या तिसऱ्या पातळीच्या परीक्षेची तयारी करतोय. ‘हॉबीलोस’, ‘बोडनलोस’ असे शब्द तोंडी परीक्षेत वापरले तर चालतील का? – एक विद्यार्थी

उत्तर : टाळा. ‘बोडनलोस’ २०२२ साली तरुणांच्या शब्दांत दुसरा आला होता. शब्दशः ‘तळ नसलेला’, बोलण्यात ‘अगदीच वाईट’. परीक्षकांना तो समजेल, पण तुमची वाक्यरचना ऐकायची सोडून त्यांचं लक्ष तिथे जाईल. ‘हॉबीलोस’ तर समोरच्याशी ओळख मुरल्याशिवाय तोंडातून काढूच नका. स्वतःविषयी बोलताना मात्र खरा छंद सांगा आणि त्यासाठी लागणारे पाच-सहा शब्द आधी शोधून ठेवा. तुम्ही पतंग करत असाल तर कामटी, मांजा आणि गोंद यांना जर्मनमध्ये काय म्हणतात ते आजच लिहून काढा.